उपचार संपले, थकवा संपला नाही

"रिपोर्ट चांगले आलेत, आता कामाला लाग, मन रमेल," असं सासरी ऐकावं लागतं, हे कॅन्सरचे उपचार संपलेल्या एका ताईंनी इथे लिहिलंय. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हो, पण केमोनंतरचा थकवा रात्रभर झोपून जात नाही. केमोच्या शेवटच्या सायकलनंतरही (फेरीनंतरही) तो कित्येक महिने राहू शकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण रोज थोडं चालण्यानेच तो कमी होतो.

मला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटं बधिर झाली होती. ब्लाउजचे हूक लागेनात, तवा किती तापलाय ते हाताला कळेना. तेव्हापासून पोळ्या नवऱ्याकडे. नकाशे होतात, होऊ देत! लेकीच्या वेण्या मात्र मीच घालायचे, वाकड्यातिकड्या का होईना. ते काम मला कुणाला द्यायचंच नव्हतं.

ताई, तुमच्या काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) काढल्यात ना? मग त्या हाताने भरलेली बादली किंवा कडेवरचं मूल एकदम उचलू नका, सूज येऊ शकते. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून वजन हळूहळू वाढवा. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलंत तर पटकन पटेल, अनुभव आहे.

ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांच्यासाठी: ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.