जुनं लाइफ जॅकेट अजून वापरण्याजोगं आहे का, कसं ओळखायचं?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही वर्सोव्याचे. पावसाळी मासेमारी बंदीसाठी होडी वर ओढली तेव्हा आतून तीन लाइफ जॅकेटं निघाली. ३१ जुलैला बंदी संपते, त्याआधी ठेवायची की टाकायची ते ठरवायचंय.

पहिलं फोमचं. खांद्यावरचा नारंगी रंग उडून बिस्किटासारखा झालाय, नख मारलं की कापड पिंजतं. अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहतो. (खलाशी त्यावर बसतात, कितीही सांगा.) दुसऱ्याचा फोम टणटणीत आहे, पण बक्कल चिरलंय. तिसरं गॅसने फुगणारं, मामेभावाने दिलेलं. त्याची सिलिंडर अजून फोडलेली नाही.

बाबांचं म्हणणं, "पाण्यात टाकलं तर तरंगतंय ना, मग झालं!" नीलकमल या प्रवासी बोटीच्या अपघातानंतर माझं काही त्याने समाधान होत नाही. बक्कल बदलून चालेल का? आणि सिलिंडरमध्ये गॅस आहे हे कसं कळणार?

प्रतिसाद १
रिकामं जॅकेट तरंगणारच हो, माणसाला धरतं का ते बघायचं. पहिलं बादच. नुसतं फेकू नका, कापून टाका, नाहीतर कोणीतरी उचलून घालेल.

दुसऱ्याचं बक्कल तसंच नवं मिळालं तर बदला, पण पट्टा आणि शिलाई जोरात ओढून बघा. मग लेबल वाचा. १०० न्यूटन असेल तर साधारण १० किलोचा भार वर धरायला हवा. पिंपात २४ तास बुडवून ठेवा, नंतर साडेअकरा किलोची लोखंडी वजनं बांधा. पाण्यात लोखंड आठव्या हिश्शाने हलकं होतं, म्हणून दीड किलो जास्त. तरीही बुडालं तर तेही बाद. शेवटी कोणाला तरी सोबत घेऊन छातीभर पाण्यात उतरा, पाय उचला. हनुवटी पाण्याबाहेर राहिली पाहिजे आणि जॅकेट कानांपर्यंत सरकता कामा नये.

प्रतिसाद २
तिसऱ्याची सिलिंडर आधी फिरवून काढा. तिच्यावर एकूण वजन कोरलेलं असतं, सोनाराच्या काट्यावर ताडून बघा. कमी भरली किंवा गंज दिसला तर बदला. मग नळीने तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर गळतंय. पाण्यात आपोआप फुगणारं असेल तर आतल्या विरघळणाऱ्या गोळीची तारीखही बघा. ती दमट हवेत खराब होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर पापडही टिकत नाही.

धागाकर्ता
आभार. कोरलेला आकडा सापडला, काटा उद्या मिळेल. पहिल्याला कात्री लावली, बाबा अजून कुरकुरताहेत.