मंडळी आधी भांडत नव्हती म्हणे!

ग्रुप: आपली माणसं (नगर-पुणे-वसई)

नाना: सर्वांना सलाम. रविवारच्या वार्षिक सभेत जे झालं त्यानं मन विटलं. नव्या हॉलच्या वर्गणीवरून पंच एकमेकांच्या अंगावर धावले. पहिल्या शतकातली ख्रिस्ती मंडळी कशी एकदिलाची, एकजिवाची होती! आणि आपण?

आत्या: खरंय दादा. मला तर बघवेना.

पिंकी: नाना, एकदिलाचं ते वर्णन नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं, यरुशलेमेतल्या मंडळीचं. प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेली पत्रं त्या पुस्तकाच्या आधीची. ती वाचलीत तर रविवारची सभा सोज्वळ वाटेल तुम्हाला.

राजूदादा: सेमिनरीत गेल्यापासून फार बोलायला लागलीय ही.

पिंकी: राजूदादा, तू गप. नाना, ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीचंच बघा. इ.स. ५४ च्या आसपास पौल इफिसात होता. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी बातमी आणली की तिकडे तट पडलेत. कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोस या उपदेशकाचा, कुणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. आपसातले दावे कोर्टात गेलेत. प्रभुभोजनाला तर कहर, एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. इमारत नव्हतीच, कुणाच्या तरी घरी जमायचे. रोमन घरातल्या जेवणाच्या खोलीत तीन पलंगांवर साधारण नऊ जण मावायचे, बाकीचे अंगणात. अभ्यासकांचा अंदाज असा की यजमानाच्या बरोबरीचे लोक लवकर येऊन आत जेवायचे आणि गुलाम, मजूर कामं उरकून येईपर्यंत भांडी रिकामी. पौल स्पष्ट लिहितो, तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता काय? आणि लगेच पुढच्या अध्यायात ते 'मंडळी म्हणजे एक शरीर आणि आपण सगळे त्याचे अवयव' येतं. आपण ते वर्धापनदिनाला छान वाटतं म्हणून वाचतो, पण ते अशा भांडखोर लोकांना दिलेलं उत्तर आहे.

नाना: बरं, भांडत होते, मान्य. पण शिकवण काय? प्रत्येकानं आपली पायरी ओळखावी. हात तो हात, पाय तो पाय.

पिंकी: तसं सांगणारी गोष्ट रोमन लोकांकडे आधीच होती, नाना. लिव्ही या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलीय. रोमची सामान्य प्रजा रुसून शहराबाहेर जाऊन बसली, तेव्हा मेनेनियस आग्रिप्पानं त्यांना पोटाविरुद्ध संप करणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगून समजूत घातली. मतलब एवढाच, की वरच्यांना पोसा, नाहीतर तुम्हीही मराल. पौलानं ती उलटी फिरवली. डोळ्यानं हाताला म्हणायचं नाही की तुझी गरज नाही, डोक्यानं पायांना म्हणायचं नाही. बोलणी डोक्याला बसलीत, पायाला नाही! जे अवयव दुबळे वाटतात तेच गरजेचे, आणि मान त्यांना जास्त.

वसईचे भाऊजी: छान पिंकी. पण नुसत्या घरगुती बैठकांवर ख्रिस्तसभा टिकली नसती. चाळीसेक वर्षांनी त्याच करिंथात काही जणांनी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, विनाकारण पदावरून काढलं. मग रोमच्या मंडळीनं पत्र पाठवलं, ६५ अध्यायांचं, क्लेमेंटच्या नावानं ओळखतात ते. पुढे अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस. पहाऱ्यात रोमला मरायला नेत असताना वाटेत सात पत्रं लिहिली त्यांनी. बिशपाला सोडून काही करू नका, हे पुन्हा पुन्हा. आम्ही कॅथलिक उगाच नाही बिशपांना धरून बसलो.

राजूदादा: भाऊजींनी संधी साधली.

पिंकी: साधू दे. पण भाऊजी, इग्नेशियसच्या त्याच सात पत्रांपैकी स्मुर्णेच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात चुकीच्या शिक्षकांची खूण काय दिलीय? त्यांना विधवेची फिकीर नाही, अनाथाची नाही, कैद्याची नाही, भुकेल्याची नाही. म्हणजे बिशप असो की पंच, तपासायचं तेच.

आत्या: बायांचं काय ग? आम्ही सभेत फक्त चहाच करायचा?

पिंकी: आत्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघड. फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, खुद्द पौलाला आधार देणारी. ते पत्र बहुधा तिनंच रोमला नेलं. प्रिस्का आणि अक्विल्लाच्या घरी मंडळी जमायची. कलस्सैच्या पत्रात नुंफाचं घर आहे. अर्थात स्त्रियांनी गप्प राहावं असंही करिंथ आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत आहे. सगळं एका सुरात नाही, खोटं कशाला सांगू.

आत्या: मला फिबी पुरे.

नाना: बोल बाई, तू बोलच. पण हॉलचं सांगा कुणीतरी. पौलानं इमारतीसाठी काही मागितलं का?

पिंकी: एक पैसा नाही. त्याच्या पत्रांतली मोठी वर्गणी एकच, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बाजूला काढायचं. उपासनेसाठी बदल करून घेतलेलं सर्वांत जुनं घर जे सापडलंय ते सीरियात, फरात नदीकाठी दुरा-युरोपसला, इ.स. २४० च्या सुमाराचं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचं.

नाना: मग बांधूच नये?

वसईचे भाऊजी: बांधा की नाना. फक्त याकोबाचं पत्र लक्षात ठेवा. सोन्याची अंगठीवाला आला की 'इथे बसा' आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला 'तिकडे उभा राहा', हे नको.

राजूदादा: आपल्याकडे पहिल्या रांगेतली खुर्ची कुणाची ते सगळ्यांना माहितेय.

नाना: राजू, नावं नकोत. आणि हिशेबाचं?

पिंकी: दुसरं करिंथ, आठवा अध्याय. ती वर्गणी पौल एकटा हाताळत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. प्रभूपुढेच नाही, माणसांपुढेही व्यवहार चोख.

नाना: हे पंचांना वाचून दाखवतो. आणि ज्यानं पैसे घोळले असतील त्याला घालवून देऊ.

पिंकी: घाई नको. फिलिप्पैत व्हॅलेन्स म्हणून एक वडील होता, त्याच्याकडून असंच काही झालं. पैशाचंच असावं, कारण स्मुर्णेचा बिशप पॉलिकार्प तिथल्या मंडळीला पत्रात लोभापासून सांभाळा म्हणून बजावतो. पण पुढे म्हणतो, त्याला नि त्याच्या बायकोला शत्रू समजू नका. दुखरे, भरकटलेले अवयव म्हणून परत बोलवा, म्हणजे तुमचं सगळं शरीर वाचेल.

नाना: हिशेब तर द्यावा लागेल ना पण?

वसईचे भाऊजी: द्यावाच लागेल. पॉलिकार्पही त्यांच्यासाठी खरा पश्चात्ताप मागतो.

आत्या: पुढची सभा उपासनेनंतर आहे की संध्याकाळी? कुणीतरी नीट सांगा, मला तयारी करायचीय.