अनुभव धागा: पुस्तक मिटलं, पण माणूस डोक्यातून जाईना

परवा लोकलमध्ये समोरची बाई कादंबरी वाचता वाचता रडत होती. दादर आलं, डोळे पुसले, उतरली. म्हणून विचारते, गोष्टीतल्या माणसांनी तुमचं काय केलं? ‘वाचनाने माणूस समृद्ध होतो’ छाप उत्तरं नकोत. घडलं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. अकरावीत ‘स्वामी’ वाचली. माधवराव पेशवे 1772 मध्ये थेऊरला क्षयाने गेले, हे शाळेतच पाठ केलेलं. तरी शेवटची वीसेक पानं उरली तेव्हा पुस्तक कपाटात ठेवून दिलं. मी वाचलंच नाही तर पेशवे जगतील, असा काहीतरी हिशोब. आई म्हणाली, “लायब्ररीचा दंड कोण भरणार?” तेव्हा कुठे थेऊर गाठलं.

*

‘मृत्युंजय’ने माझं नुकसान केलं. हसू नका. सोळाव्या वर्षी वाचली आणि स्वतःला कर्णच समजायला लागलो. टीममध्ये घेतलं नाही, अन्याय. मार्क कमी पडले, अन्याय. एकदा आजी भाकरी थापत होती आणि मी अर्जुनाला शिव्या घालत होतो. परातीतून मान वर न काढता ती म्हणाली, “आणि भर सभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलला, तो कोण रे?”

पुस्तक अजून आवडतं. पण प्रमोशन हुकलं की आधी ती परात आठवते.

*

मी फारसा वाचत नाही. हॉस्टेलवर धारपांची एक भयकथा वाचली, आठवडाभर रूममेटला उठवून बाथरूमला जात होतो. संपलं.

*

वरचं वाचून हसलो. माझं जरा वेगळं आहे.

धाकटी बहीण गेली तेव्हा मी एकोणीसचा. सगळे म्हणाले, तू खंबीर राहा, आईकडे बघ. राहिलो. एकदाही रडलो नाही. दोन वर्षांनी ‘कोसला’ हातात पडली. हॉस्टेल, मेस वगैरे खोखो हसत वाचलं. आणि मग नायकाची धाकटी बहीण मनी जाते. देवी येऊन.

पुस्तक पालथं घातलं, मोरीत गेलो, नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली. बाहेरून आई ओरडली, “अरे, पाणी!” मग दाराशी येऊन थांबली. नळ बंद कर म्हणून पुन्हा काही बोलली नाही.