पीडीएम अ‍ॅडमिनचं ट्रेनिंग, सुरुवात कुठून करायची?

चाकण_डिझाइन:
नमस्कार मंडळी, आमचं जिग-फिक्स्चरचं डिझाइन ऑफिस आहे, सगळे सॉलिडवर्क्सवर (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर). फाइली अजून शेअर्ड फोल्डरमध्येच आहेत आणि मागच्या आठवड्यात एकाने बेस प्लेटची फाइल रिनेम केली तर तीन असेंब्लींचे रेफरन्स (पार्टच्या फाइलींशी असलेले दुवे) तुटले. पीडीएम स्टँडर्ड (डिझाइनच्या फाइली, त्यांची व्हर्जन आणि अप्रूव्हल सांभाळणारं सॉफ्टवेअर) आमच्या लायसन्ससोबतच मिळतं, आता ते चालू करायचंय. अ‍ॅडमिन मी आणि आयटीमधला एक मुलगा. रीसेलरचा कोर्स आधी करावा का स्वतः हात घालावा?

वर्कफ्लोवाला:
कोर्स कराच, पण घरचा अभ्यास करून जा. ड्रॉइंग कोण काढतं, कोण चेक करतं, अप्रूव्ह झाल्यावर बदल करायचा तर कोणाला विचारावं लागतं, हे आधी कागदावर काढा, त्याचेच पुढे वर्कफ्लोमधले स्टेट (फाइलचे टप्पे) आणि ट्रान्झिशन (एका टप्प्यातून पुढच्यात जाणं) होतात. स्टँडर्डमध्ये वर्कफ्लो एकच आणि स्टेट जास्तीत जास्त १०, त्यामुळे प्रत्येक साहेबाच्या सहीसाठी वेगळी स्टेट करत बसू नका. परमिशन ग्रुपला द्या, माणसाला नको, नाहीतर कोणी नोकरी सोडली की सगळं परत उकरावं लागतं. आणि डेटा कार्डवरचं (पीडीएममध्ये फाइलची माहिती भरायचा फॉर्म) व्हेरिएबल सॉलिडवर्क्स फाइलमधल्या कस्टम प्रॉपर्टीच्या नेमक्या नावाला मॅप करा, नाव जुळलं नाही तर कार्डवर मटेरियल भरलेलं असतं आणि ड्रॉइंगवरचा टायटल ब्लॉक रिकामाच. हे सगळं टेस्ट व्हॉल्टमध्ये (व्हॉल्ट म्हणजे पीडीएमचा फाइलसाठा), चालू कामावर अजिबात नको!

सर्व्हररूम:
त्या आयटीवाल्या मुलाला बॅकअप नीट शिकवा, माझ्या मते अ‍ॅडमिनचं खरं काम तेच. अर्काइव्ह सर्व्हरवर (जिथे व्हॉल्टमधल्या फाइली प्रत्यक्ष साठतात) ० ते एफ असे १६ फोल्डर असतात, आत नुसते नंबर, कुठली प्लेट कुठे आहे ते बघून कळणार नाही कारण नाव, व्हर्जन, हिस्टरी सगळं एसक्यूएल डेटाबेसमध्ये. म्हणून दोन्हीचा बॅकअप एकाच वेळचा पाहिजे, कोनिसिओमास्टरडीबी (पीडीएमचा मास्टर डेटाबेस) पण धरून. स्टँडर्ड एसक्यूएल एक्सप्रेसवर चालतं, त्यात एजंट (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारा भाग) नसतो, तेव्हा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावा. आणि एकदा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून असेंब्ली उघडून बघाच, त्याशिवाय गो-लाइव्ह करू नका.

चाकण_डिझाइन:
खूप आभार दोघांचे. जुना डेटा सगळा एकदम टाकायचा का?

वर्कफ्लोवाला:
नको नको. चालू प्रोजेक्ट आधी, तेही टॉप असेंब्ली उघडून तुटलेले रेफरन्स जोडून मगच चेक-इन (व्हॉल्टमध्ये जमा). बाकीचं जुनं फोल्डर रीड-ओन्ली ठेवा, रिपीट ऑर्डर आली की त्या वेळी आत घ्या. डुप्लिकेट फाइलनेम चालू देणारी सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बंद करा, "प्लेट १" नावाच्या किती फाइली निघतात ते तेव्हाच कळेल.