क्रॉस स्टिच शिकणाऱ्याच्या हातात मॅटी देऊ नका

सुईदोरा

सुट्टीत भाचीला क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्याचं भरतकाम, शिकवायला घेतलं. दुकानात कापड मागितलं तर दुकानदाराने न विचारता मॅटी, म्हणजे धागे मोजून भरता येणारं सुती कापड, फाडून दिली आणि मीही घेतली. नमुना होता गोल चौकटीतला मोर, ७० फुल्या रुंद आणि ७० उंच. पोरगी तीन आठवडे खपली. एकही फुली चुकली नाही, तरी चौकट अंड्यासारखी लांबोळकी झाली. पट्टी लावली तेव्हा कळलं: आडवी ७० घरं ५ इंचात बसली होती आणि उभी ७० घरं साडेपाच इंचांत. ताणा-बाणा सारखा नसला की असंच होणार. भाचीला मात्र वाटतंय की आपल्यालाच जमत नाही, आणि ते मला फार लागलं.

म्हणून सांगते, पहिलं कापड १४ काउंटचं आयडाच द्या. त्यात धागे गटागटाने विणलेले असतात, घरं चौकोनी दिसतात आणि प्रत्येक घराच्या चारही कोपऱ्यांना भोक असतं. १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरं, त्यामुळे हिशोबही सोपा. नमुना १४० बाय ९८ फुल्यांचा असेल तर काम १० बाय ७ इंच होणार. चारही बाजूंना तीन-तीन इंच जादा ठेवायचं आणि कापायचं. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घ्यायचे आणि २४ नंबरची बोथट टोकाची सुई. एवढ्यावर मूल कामाला लागतं.

रेशीमलड

ताई, भाचीसाठी वाईट वाटलं, पण सगळा दोष मॅटीवर टाकू नका. आम्ही शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीवरच शिकलो. तिचे टेबलक्लॉथ आणि अभ्रे घरात अजून वापरात आहेत. आयडाचा अभ्रा करून बघा, गालाला टोचतो. खळ गेली तरी मॅटीसारखा मऊपणा येत नाही. शिवाय मॅटी मीटरवर मिळते आणि पन्हा मोठा असतो. पलंगपोस करायचा तर आयडा कुठे परवडतो?

मॅटी पारखून घ्यावी लागते, एवढंच. दुकानातच एक इंच उभा आणि एक इंच आडवा मोजायचा. आकडा जुळला नाही तर दुसरा ताका काढायला सांगायचा. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच सुई लावायची. न भिजवता भरलं की पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि फुल्या चुरगळल्यासारख्या दिसतात.

इरकल

माझं मत दोघींपेक्षा वेगळं आहे. भोकं दाखवणारं कापड हवंच कशाला? माझं सासर धारवाडकडचं. सासूबाई इरकलीवर कसुती काढायच्या. छापलेला नमुना नाही, मागे गाठ नाही, साडीचेच धागे मोजत जायचं. गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी असे चार टाके. त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. पदराचा कोपरा डाव्या तर्जनीवर ताणून धरायच्या आणि सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत ओठातल्या ओठात मोजायच्या. मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर द्यायच्या नाहीत. ही नजर आयडाने येत नाही.

आजच्या मुलीला २८ काउंटचं इव्हनवीव्ह द्या, म्हणजे इंचाला उभे-आडवे सारखेच २८ धागे असलेलं कापड. दोन-दोन धाग्यांवर फुली घातली की ती १४ काउंटच्या आयडाएवढीच येते. पाव-पाऊण फुली घालायची असेल तर मधलं भोक आयतंच मिळतं. आयडावर त्यासाठी घराच्या बरोबर मध्ये सुई खुपसावी लागते, आणि ती बोथट सुई तिथून जाता जात नाही.

सुईदोरा

पाऊण फुलीचं अगदी खरं, नाजूक चेहरे किंवा पाकळ्या असतील तर मीही इव्हनवीव्ह घेते. पण तुमच्या सासूबाईंची नजर किती वर्षांनी तयार झाली असेल? दहा वर्षांच्या पोरीने २८ धाग्यांत एक चुकवला की पुढची अख्खी ओळ सरकते. उसवून उसवून कंटाळली की ती सुई ठेवून देते, मग नजर यायची कधी?

रेशीमलड, अभ्र्याचं मान्य, तिथे आयडा नको. पण पारखायचं ते शिकणाऱ्याने कसं पारखायचं? मॅटीवर काउंट लिहिलेला नसतो. गर्दीच्या वेळी दुकानदार पट्टी लावू देत नाही, आणि घरपोच मागवलं तर हातात येईल ते खरं. माझा हात इतकी वर्षं या कामात आहे, तरी मी फसले.

काजबटण

कुर्त्यावर भरायचं असेल तर तिन्ही नकोत. वेस्ट कॅनव्हास मिळतो, तो कुर्त्यावर धावदोऱ्याने टाचायचा, त्याच्या घरांवर फुल्या घालायच्या, काम झालं की ओलसर करून त्याचा एकेक धागा चिमट्याने ओढून काढायचा. फुल्या घालताना कॅनव्हासच्या धाग्यात सुई शिरली तर तो धागा निघत नाही, एवढं सांभाळा.

रेशीमलड

मी मॅटी सोडणार नाही, पण पहिल्या कामाला मोजलेलं कापड हवं हे पटलं. मोर मात्र टाकू नका, सुईदोराताई. मोर थोडा उंच झाला तरी डोळ्यांना खुपत नाही, खुपतं ते वर्तुळ. फक्त चौकट उसवा. तुमच्या मॅटीवर उभ्या ५ इंचांत साधारण ६४ घरं येतात. आलेखाच्या कागदावर ७० रुंद आणि ६४ उंच अशी चौकट नव्याने काढा. कागदावर बसकी दिसेल, कापडावर गोल येईल. वरून तीन आणि खालून तीन घरं कमी होतील, तेवढी जागा आहे का बघा.

सुईदोरा

आत्ताच मोजलं. तुऱ्याच्या वर पाच घरं मोकळी आहेत आणि पायांखाली सहा. बसेल! चौकट उद्या मी उसवते, आलेख भाचीलाच काढायला देते.