एएफआर मीटर १२ दाखवतोय, म्हणजे इंजिन सुरक्षित आहे का?

स्पॅनर

ट्यून केलेल्या गाडीत एएफआर मीटर (एक भाग पेट्रोलमागे किती भाग हवा, ते दाखवणारा) बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती दाखवायला हवं?" उत्तरही ठरलेलं: फुल थ्रॉटलला टर्बो गाडीत साडेअकरा ते बारा, बिनटर्बोत साडेबारा ते तेरा. आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. माझा आक्षेप त्या आकड्यांवर विसंबून निर्धास्त होण्याला आहे.

मीटर सिलिंडरमध्ये डोकावत नाही. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला किंवा किती कमी पडला, एवढंच एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरला कळतं. त्यावरून मिश्रणाचा अंदाज बांधला जातो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि मीटर लीन (पेट्रोल कमी, म्हणजे मोठा आकडा) दाखवतो. मिश्रण मुळात रिच (पेट्रोल जास्त) असलं तरी! मग माणूस आणखी पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी काळे पडतात, मिसफायर आणखी वाढतो.

दुसरं म्हणजे सरासरी. चार सिलिंडरपैकी तीन ११.५ वर चालताहेत आणि चौथ्याचा इंजेक्टर अर्धवट चोंदलाय, त्यातून १५ टक्के पेट्रोल कमी येतंय. तो सिलिंडर साडेतेराच्या आसपास जातो. चौघांचा एकत्र एक्झॉस्ट मात्र ११.९ दाखवेल. मीटर बघून तुम्ही खूश, आणि पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) चौथा पिस्टन वितळायच्या बेतात.

मीटर जरूर लावा. पण तो सोबतीला घेण्याचा साक्षीदार आहे, निकाल देणारा न्यायाधीश नाही.

टर्बोमित्र

तीव्र असहमत.

तुम्ही सांगितलेले धोके खरे आहेत, पण असे धागे वाचून लोक "मीटर काही कामाचा नाही" असा अर्थ काढतात आणि नुसत्या नॉक (मिश्रण अवेळी पेटून बसणारा ठोका) सेन्सरच्या भरवशावर गाडी पळवतात. ट्यून केलेल्या इंजिनात नेहमी दिसणारा घोळ म्हणजे पेट्रोल कमी पडणं: पंप दमतो, फिल्टर चोंदतो, इंजेक्टरची क्षमता संपते. असलं दुखणं चारही सिलिंडरना एकदम होतं, त्यामुळे सरासरीचा तुमचा आक्षेप इथे गैरलागू आहे. रोज ११.६ दाखवणारा काटा वरच्या आरपीएमला १२.८ कडे सरकू लागला, की पाय उचलायचा. एवढ्या एका सवयीने इंजिन वाचतं. नॉक ऐकू येईपर्यंत थांबायचं कशाला?

वाटाड्या

मूळ भांडण एएफआर या आकड्याशीच हवं. सेन्सर लॅम्डा मोजतो, म्हणजे मिश्रण संतुलित प्रमाणाच्या किती पट आहे ते; संतुलित म्हणजे १. मीटर त्याला १४.७ ने गुणतो आणि पडद्यावर आकडा टाकतो. टाकीत काय भरलंय, याचा त्याला पत्ता नसतो.

शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ ठीक. १० टक्के इथेनॉल मिसळलं की खरं संतुलित प्रमाण १४.१ च्या आसपास येतं, ई८५ मध्ये (सुमारे ८५ टक्के इथेनॉल) ९.८ च्या. मीटर मात्र तिन्ही वेळा लॅम्डा १ ला १४.७ च दाखवणार. आता कोणी "ई८५ ला ९.८ बरोबर असतं" असं वाचून पेट्रोलच्या मीटरवर ९.८ आणायला गेला, तर तो लॅम्डा ०.६७ वर पोहोचतो. म्हणजे कमालीचं रिच. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघेल.

मीटरच्या सेटिंगमध्ये जा, लॅम्डा निवडा. टर्बोला पूर्ण बूस्टवर साधारण ०.७८ ते ०.८२. इंधन कुठलंही असो, मीटर आणि ट्यूनर एकच भाषा बोलतात.

टर्बोमित्र

@वाटाड्या, तत्त्वतः मान्य. पण ज्याच्या डोळ्यात एएफआर बसलाय, त्याला ११.६ वरून १२.८ हा फरक झटकन जाणवतो. लॅम्डात तोच फरक ०.७९ वरून ०.८७. गाडी चालवताना मला मोठा दिसणारा फरक हवा.

स्पॅनर

टर्बोमित्र, पंपाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. पण "पाय उचलायचा" हे मला पटत नाही. ६००० आरपीएमला चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला २०० वेळा ठिणगी पडते. तेव्हा तुमची नजर रस्त्यावर असते आणि असायलाच हवी. ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वाइडबँड जोडा आणि बूस्ट असताना लॅम्डा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर इंजिन आपोआप कट होईल असं लावून घ्या. डोळ्यापेक्षा ते कितीतरी लवकर होतं.

आणि रिच म्हणजे सुरक्षित, हा समज तर सोडाच. ११.८ वर इग्निशन टायमिंग तीन अंश पुढे नेलं (ठिणगी तेवढी आधी पाडली) तर नॉक होऊ शकतो. मीटर तेव्हाही ११.८ च दाखवेल. त्याला टायमिंग कळत नाही.

टर्बोमित्र

कट लावा, नक्की लावा. पण वाइडबँडची अ‍ॅनालॉग वायर ईसीयूला जोडताना अर्थिंग नीट आहे का, हे किती जण बघतात? समजा मीटर ० ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० एएफआर पाठवतो. अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला तरी ईसीयूला ०.२ एएफआर चुकीचा दिसतो. मीटरवर ११.८, ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदीत) १२. डोळ्यांसमोर मीटर असेल तरच ही तफावत सापडते. म्हणून मी डॅशबोर्डवरचा मीटर काढू देणार नाही. कॅन (डिजिटल) वायरिंग असेल तर गोष्ट वेगळी.

सहावा गिअर

नवखा आहे. दोन शंका. थ्रॉटल सोडला की मीटर २० च्या वर जातो. आणि आयडलला १६ दाखवतो, पण बूस्टवर ११.७ असतो. आयडलचं पेट्रोल वाढवायला सांगू का?

वाटाड्या

पहिल्याची काळजी नको. थ्रॉटल सोडल्यावर गिअरमध्ये ईसीयू पेट्रोल बंद करतो, सेन्सरला निव्वळ हवा दिसते.

स्पॅनर

@सहावा गिअर, इतक्यात पेट्रोल वाढवू नका. आयडलला एक्झॉस्टचा दाब कमी असतो. सेन्सरच्या अलीकडे कुठे बारीक फट असेल तर दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन दाखवतो. बूस्टवर एक्झॉस्टचा जोर इतका असतो की ती फट जाणवतही नाही. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. कॅम बदलला असेल तर ओव्हरलॅपमुळेही (दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे राहिल्यानेही) आयडलला असं दिसतं.

मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपच्या गॅस्केटवर काजळीची काळी रेघ दिसते का बघा, थंड इंजिनवर स्मोक टेस्ट करून घ्या. सेन्सर टर्बोनंतर पुरेशा अंतरावर आणि आडव्यापासून किमान दहा अंश वर कललेला आहे का, तेही तपासा. नाहीतर साचलेलं पाणी गरम सिरॅमिकला तडा देतं. फ्युएल ट्रिमही (ईसीयू स्वतःहून पेट्रोल किती कमीजास्त करतोय, तो आकडा) पाठवा. क्रूझिंगला मीटर १४.७ दाखवत असेल, पण त्यामागे ईसीयू १८ टक्के पेट्रोल स्वतःहून वाढवत असेल, तर तो १४.७ काहीच सांगत नाही.

टर्बोमित्र

फट सापडली तर ती बुजवून, मॅपला (ईसीयूतल्या पेट्रोलच्या सेटिंगला) हात न लावता पुन्हा लॉग घ्या. आरपीएम, बूस्ट, लॅम्डा आणि इंजेक्टर ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो), चारही एकाच फाइलमध्ये. ड्युटी ८५ टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी इंजेक्टरचं बघावं लागेल.