संयुक्त मंडळे झाली, पण आजोबा घरी कधी जाणार?

वॉर्डातली
ब्रिटनमधील आरोग्यसेवा आणि काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, सामाजिक सेवा (अंघोळ, जेवण अशा रोजच्या कामांतली मदत) एका मंडळाखाली आणल्या की वृद्धांची फरफट थांबेल, असे काल एका सदस्याने इथे ठामपणे लिहिले. ते वाचून राहवले नाही. उत्तर आयर्लंडमध्ये या दोन्ही सेवा १९७३पासून एकाच व्यवस्थेत आहेत, तरीही तिथल्या प्रतीक्षायाद्या देशात सर्वांत लांब आहेत. स्कॉटलंडने २०१४च्या कायद्याने ३१ संयुक्त प्राधिकरणे उभी केली; तिथेही उपचार संपलेले, पण घरी जाऊ न शकणारे रुग्ण अलीकडे रोज दोन हजारांच्या आसपास खाटांवर असतात. मी सोळा वर्षे वॉर्डात नर्स आहे. सकाळी घरी येऊन अंघोळ घालायला केअरर (पगारी मदतनीस) मिळेना, म्हणून एका आजोबांचा डिस्चार्ज अकरा दिवस अडला होता. मंडळाची पाटी बदलली असती तरी ती केअरर कुठून आली असती?

दोन_जिने
उदाहरणे तुम्ही सोयीची निवडली आहेत. इंग्लंडमधल्या टॉर्बे भागात २००५ साली केअर ट्रस्ट, म्हणजे आरोग्य आणि सामाजिक सेवा एकत्र चालवणारी संस्था, झाला, तेव्हा ‘मिसेस स्मिथ’ नावाची एक काल्पनिक वृद्धा डोळ्यांसमोर ठेवून नर्स, सोशल वर्कर आणि थेरपिस्ट यांच्या एकत्र टीम बांधल्या गेल्या आणि तिला एकच दार ठोठवावे लागेल अशी सोय झाली. माझ्या सासूबाईंच्या वाट्याला ते आले नाही. त्या पडल्यावर एका महिन्यात तीन असेसमेंट झाली. कशा पडलात, घरात जिने किती, शौचालय कोणत्या मजल्यावर, हेच प्रश्न तीन वेगळ्या माणसांनी विचारले आणि तिसऱ्या वेळी त्या रडू लागल्या. तुम्ही वॉर्डाच्या आतून पाहता. आम्ही घरात बसून फोनची वाट पाहिली आहे.

आईचा_मुलगा
तुम्ही दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही. १९४८ साली उपचार मोफत झाले आणि सामाजिक काळजी ऐपत पाहून काउन्सिलकडे राहिली. इंग्लंडमध्ये ज्याच्याहून जास्त मालमत्ता असली की सगळा खर्च स्वतः करावा लागतो, ती २३,२५० पौंडांची मर्यादा २०१०पासून हललेली नाही. माझ्या आईला कर्करोग झाला असता, तर उपचारांसाठी तिला एक पेनीही द्यावी लागली नसती. स्मृतिभ्रंश झाला, म्हणून केअर होमच्या फीसाठी तिचे घर विकावे लागले. हा कोणता न्याय?

पाचवा_प्रतिसाद
धागा सेवांच्या एकत्रीकरणाचा आहे. वारशाची रक्कम वाचवण्यासाठी भाड्याच्या घरात राहणाऱ्या करदात्याने पैसे का मोजावेत?

आईचा_मुलगा
वारसा हा शब्द मागे घ्या. ते घर आईचे होते, तिने चाळीस वर्षे नोकरी करून घेतलेले. स्कॉटलंडने २००२पासून पासष्टीपुढच्यांची वैयक्तिक काळजी मोफत केली, तेव्हा तिथला करदाता बुडाला नाही.

पाचवा_प्रतिसाद
शब्द मागे घेतो, मत नाही. केअर होममधील राहण्याजेवण्याचा खर्च ऐपत असलेल्यांना स्कॉटलंडमध्येही स्वतःच द्यावा लागतो, हेही लिहायला हवे होते.

दोन_जिने
हा मुद्दा धाग्याबाहेरचा नाही. एकाच टीममधील नर्सचे काम मोफत आणि शेजारी बसलेल्या सोशल वर्करने ठरवलेल्या मदतीचे मात्र बिल, अशी स्थिती असेल, तर प्रत्येक बैठकीत खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा यावरच वेळ जातो. रुग्णाची अंघोळ ‘वैद्यकीय’ की ‘सामाजिक’, यावर या देशात वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. माणूस तोच, पाणीही तेच.

वॉर्डातली
अंघोळीचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, कारण त्या आजोबांच्या फाइलवर हाच वाद चार दिवस चालला होता. हे मी आधी लिहायला हवे होते. टॉर्बेबाबतही एवढेच मान्य करते की तिथे मंडळापेक्षा एकत्र बसणाऱ्या टीमने काम केले. इंग्लंडने २०२२च्या कायद्याने सेवांच्या एकत्रीकरणासाठी ४२ मंडळे स्थापली, पण काउन्सिलची तिजोरी वेगळीच ठेवली. आणि उरलेले सात दिवस केअररअभावीच गेले. केअररचा पगार, दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेसह, वॉर्डातल्या सहायकाइतका होईपर्यंत मी माझे मत बदलणार नाही.